रामटेकवरून दीक्षाभूमीकडे

दसऱ्याच्या पहाटे रामटेकच्या बसस्थानकावर उभे राहिले की गावातून निघणारे दोन रस्ते दिसतात. एक गडमंदिराकडे चढणारा, पूजेच्या ताटांचा. दुसरा नागपूरकडे जाणारा, पांढऱ्या लुगड्यांचा आणि पांढऱ्या सदऱ्यांचा. या दुसऱ्या रस्त्याला लागलेल्या बायाबापड्यांकडे शिदोरी असते, पाण्याची बाटली असते आणि घडी करून ठेवलेली एक रिकामी पिशवी असते. तिचे काम परतताना.

ज्या गावाची ओळख रामाच्या टेकडीवरून झाली, त्याच गावातल्या बऱ्याच घरांत हा दिवस अशोक विजयादशमी म्हणून उगवतो. याचे इथे कुणाला फारसे नवल वाटत नाही. एका तारखेला दोन अर्थ असतात आणि ते एकाच बसथांब्यावर शेजारी उभे राहतात, कधी गुण्यागोविंदाने, कधी नजर चुकवून.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या देशांतले कृष्णवर्णीय समाज आपल्या इतिहासाचे आणि संस्कृतीचे जे सार्वजनिक सोहळे भरवतात, त्यांचे आपल्याकडचे भावंड कोणते, हा या लेखाचा प्रश्न. त्याचे उत्तर मला रामटेक ते नागपूर या पन्नासएक किलोमीटरांत सापडते. रंग वेगळा, देश वेगळा, दुःखाचे कारण वेगळे. पण पाठ्यपुस्तकाने ज्यांना जागा दिली नाही त्यांनी स्वतःच कॅलेंडर छापायचे ठरवले, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. अशा सोहळ्यांचे मोजमाप गर्दीवर करू नये, असेही माझे मत आहे. मांडव उतरल्यावर घराच्या फळीवर काय उरले, ते बघावे.

तिकडची गोष्ट आधी थोडक्यात. कार्टर वुडसन यांचा जन्म 1875चा, व्हर्जिनियातला. आईवडील गुलामीतून सुटलेले. पोरवयात शेतात आणि नंतर कोळशाच्या खाणीत राबल्यामुळे हायस्कुलात बसायला त्यांना विसावे वर्ष उजाडले. खाणीत असताना एका सोबत्याच्या घरी संध्याकाळी काळे कामगार जमत आणि अक्षरओळख असलेला वुडसन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. गुलामीतून, यादवी युद्धातून गेलेली ती माणसे मग आपल्या आठवणी सांगत. इतिहास हा विषय वुडसन यांना तिथे भेटला. हार्वर्डची डॉक्टरेट 1912मध्ये आली. 1915 साली त्यांनी निग्रो जीवन आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक सुरू केले आणि फेब्रुवारी 1926मध्ये ‘निग्रो इतिहास सप्ताह’ जाहीर केला.

फेब्रुवारीच का? 12 तारखेला लिंकनची जयंती, 14 तारखेला फ्रेडरिक डग्लस यांची. काळ्या वस्त्यांमध्ये हे दोन्ही दिवस आधीपासून पाळले जातच होते. वुडसन यांनी नवा सण काढला नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या जयंत्या उचलल्या आणि त्यांच्या गळ्यात अभ्यासाचे दप्तर अडकवले. शाळांना धडे, चित्रे, नाटुकली पुरवली. त्याच 1926 साली आर्तुरो शॉमबर्ग या पोर्तो रिकोत जन्मलेल्या संग्राहकाची पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखल झाली. एकाच वर्षी सोहळाही सुरू झाला आणि भांडारही उघडले. हा जोड पुढे फार महत्त्वाचा ठरला. 1970मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थी-प्राध्यापकांनी आठवड्याचा महिना केला, 1976मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला सरकारी मान्यता दिली. ब्रिटनने 1987पासून ऑक्टोबर घेतला, कॅनडाच्या संसदेने 1995मध्ये फेब्रुवारी. आता दुकानेही या महिन्यात सवलती लावतात. जयंतीच्या फलकावर बिल्डरचा फोटो पाहिलेल्या नागपूरकराला हे समजावून सांगायला नको.

आता रामटेक. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी हाच, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडल्यापासून या गावाची शिक्षित महाराष्ट्रातली ओळख पक्की झाली. इथे कालिदास स्मारक आहे, 1997मध्ये स्थापन झालेले संस्कृत विद्यापीठ आहे. पण याच टेकडीला आणखी एका तपस्व्याची आठवण चिकटलेली आहे. शंबुक. तप केले म्हणून रामाच्या हातून मारला गेलेला शूद्र. स्थळपुराण सांगते की हा वध इथेच झाला, आणि मरताना मिळालेल्या वरामुळे तो इथे धूम्रेश्वर म्हणून पूजेला राहिला. लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन शिलालेखातही ही आठवण कोरलेली आहे. शंबुकाची कथा दलित साहित्यात अन्यायाचे प्रतीक म्हणून किती वेळा आली असेल, गणती नाही. त्या कथेचे एक ठिकाण इथे, पायऱ्यांच्या वाटेवर आहे, हे मात्र नागपुरातल्या अनेक कवींनाही ठाऊक नसते. मला या आख्यायिकेत पुजाऱ्यांची चतुराई दिसते: मारलेल्याला देवळी बसवले की मारण्याचा प्रश्न मिटतो. पण मिटवण्याच्या या धडपडीतच नाव टिकून राहिले.

दुसरी आठवण अलीकडची. 1927 साली रामटेकला एक सभा झाली. अध्यक्ष किसन फागूजी बनसोडे, आणि बोलावणारा कामठीचा तेवीस वर्षांचा हरदास लक्ष्मणराव नगराळे, ज्याला पुढे सगळे बाबू हरदास एल. एन. म्हणू लागले. या तरुणाने आपल्या लोकांना सांगितले की गडावरच्या मूर्तींची पूजा थांबवा आणि अंबाळा तलावाच्या घाण पाण्यात बुडी मारून पुण्य मिळते हे डोक्यातून काढा. अंबाळ्याच्या काठी आजही पिंडदान चालते, अस्थिविसर्जन चालते. 1927 साली तिथे उभे राहून असे बोलणे म्हणजे काय, याची कल्पना या तलावाचे माहात्म्य ऐकत वाढलेल्यालाच येईल. गंमत अशी की, मूर्तिपूजा सोडा म्हणणाऱ्या याच हरदासांनी 1930मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला आपली तुकडी पाठवली. विसंगती? मला नाही वाटत. देवळात जायचे की नाही हे आम्ही ठरवू, दार कुणी अडवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हरदासांचे दुसरे काम विडीचे. रामटेक, कामठी, भंडारा, तुमसर हा सगळा तेंदूपानाचा पट्टा. घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, आणि वळलेल्या विड्यांतल्या निम्म्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढणारे ठेकेदार. 1930च्या सुमारास हरदासांनी मध्य प्रांत विडी मजूर संघ उभारला आणि ठेकेदाराला वगळून सहकारी पद्धतीने विडी वळण्याचा प्रयोग केला. त्यात रामटेकही होते. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांचेच. रामटेकच्या संदर्भात या दोन शब्दांना वेगळीच धार येते. ज्या गावात भेटल्यावर तोंडून आपोआप ‘राम राम’ निघते, आणि ज्या समाजाच्या तोंडी शतकानुशतके ‘जोहार’ बसवलेला होता, तिथे तिसरा शब्द रुजवायचा होता. 1937मध्ये ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने गेले. वय पस्तीस.

रामटेक सोडून पाच-सहा किलोमीटरवर मनसर. मँगनीजची खाण, महामार्गाचा फाटा आणि रस्त्यालगतच्या टेकड्यांत वाकाटकांचे अवशेष. जगत्पती जोशी आणि अ. कि. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली 1997-98पासून इथे उत्खनन झाले. बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था आणि भदंत सुरेई ससाई यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. काही अभ्यासकांना इथे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर दिसते, ससाई आणि त्यांच्या अनुयायांना नागार्जुनाचे बौद्ध विद्यापीठ. विटा त्याच. कोण बरोबर, याचा निवाडा या लेखात करण्याचे कारण नाही. मला लक्षात घ्यावेसे वाटते ते एवढेच की एका बौद्ध संस्थेने कोर्टकचेरी किंवा मोर्चा न करता कुदळ हाती घेतली. आपला इतिहास जमिनीत असेल तर खणून काढू, ही वुडसन यांना आवडली असती अशी वृत्ती.

पुढे कन्हान नदी ओलांडली की कामठी. इंग्रजांची छावणी, रेल्वे, गोदामे. जयबाई चौधरी कामठी आणि नागपूरच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहत. मूळ उमरेडच्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंचे त्यांच्याकडे लक्ष गेले, त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले, शाळेत नोकरी दिली. महार बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळल्यावर पालकांनी मुले काढली आणि नोकरी गेली. मग जयबाईंनी नागपुरात स्वतःची मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाने. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या 1989च्या पुस्तकामुळे. या दोघी वस्त्यावस्त्यांतून फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना बोलते केले, पेटीत जपलेली पत्रके आणि फोटो मागून घेतले. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिला परिषद आज आपण सहज उद्धृत करतो. आधी ती स्मृतीत आणि मोजक्या अहवालांत पडून होती. आपल्याकडच्या सोहळ्यांना अभ्यासाचे दप्तर कुणी अडकवले असे विचारले तर मी पहिल्यांदा या दोघींचे नाव घेईन.

कामठीत आता ड्रॅगन पॅलेस आहे, 1999मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारातून उभे राहिलेले. सहली येतात, नवरा-बायको फोटो काढतात. त्याच गावच्या हरदासांचे नाव किती फोटो काढणाऱ्यांना ठाऊक असते, हा खवचट प्रश्न मी मनात ठेवतो.

आणि मग नागपूर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, डॉ. आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लगेच लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. तयारीचा भार वामनराव गोडबोले यांच्यावर होता. दोन दिवसांनी चंद्रपूर. नागपुरातल्या दीक्षेच्या त्या जागेवर, म्हणजे दीक्षाभूमीवर, शिवदानमल यांच्या आराखड्याचा स्तूप उभा राहिला. 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. उद्‌घाटक निवडताना योग साधला म्हणायचा. या जागेवर लोकांचे किती बारीक लक्ष असते ते जुलै 2024मध्ये दिसले. भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम सुरू झाल्यावर स्तूपाला धोका होईल म्हणून माणसे जमली आणि काम थांबवावे लागले. वास्तू सरकारची वा समितीची असेल, आठवण लोकांची आहे.

दीक्षाभूमीचा खरा चमत्कार स्तूपात नाही, रस्त्याच्या कडेला आहे. मैलभर पुस्तकांची दुकाने. ताडपत्री, बांबू, शंभर वॉटचे दिवे आणि ढिगाने पुस्तके: दहा रुपयांची पुस्तिका ते शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड. सण म्हटला की मराठी माणूस कपडे, सोने किंवा मिठाई घेतो. इथे निरक्षर आजी नातवासाठी पुस्तक घेते, उलटसुलट करून बघते, दुकानदाराला विचारते, ‘यात बाबाचा फोटो हाये का?’ आणि पैसे मोजते. मी अशा जत्रा बऱ्याच पाहिल्या. पुस्तक हीच प्रसादाची वस्तू झालेली दुसरी जत्रा मला माहीत नाही. शॉमबर्गचे भांडार एका इमारतीत आहे. हे भांडार दरवर्षी हजारो पिशव्यांतून खेड्यापाड्यांत पांगते. खऱ्या वस्तू जपण्याचे काम गोडबोलेंनी काटोल रोडवरच्या चिचोलीच्या शांतिवनात सुरू केले. बाबासाहेबांचा कोट, टोपी, टंकलेखन यंत्र तिथे आहे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या गर्दीचा एक छोटा हिस्साही तिकडे वळत नाही, ही खंत आहे.

गाण्याबद्दल लिहिल्याशिवाय हा आढावा पांगळा राहील. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा इतिहास पुस्तकाआधी गाण्यात होता: चर्चमधली गाणी, कापसाच्या शेतातली हाक, मग ब्लूज, जाझ. आपल्याकडे जलसा होता. सत्यशोधकी जलशातून आंबेडकरी जलसा आला, भीमराव कर्डकांनी तो गावोगाव नेला. मग वामनदादा कर्डक (1922-2004) आले आणि एकट्या माणसाने हजारो गाणी रचली. विदर्भात कव्वालीचे रूप गाजले. नागपूरचे नागोराव पाटणकर आणि त्यांच्या बरोबरीचे कव्वाल यांचे रात्र-रात्र चालणारे सामने ही माझ्या पिढीची इतिहासाची शाळा. महाडचे पाणी, पुणे करार, रमाईचे हाल, सगळे तिथे सवाल-जवाबात कळायचे. उत्तर चुकले की समोरचा गायक आणि श्रोते दोघेही सोडत नसत. परीक्षक इतके कडक विद्यापीठातही नसतात. मुकाबल्याची ही जागा आता डीजेच्या भिंतीने घेतली. तरुणांना नाचू नका असे सांगणाऱ्यांतला मी नाही. ज्यांच्या आज्याला वाजतगाजत रस्त्याने जाता येत नव्हते त्यांच्या नातवाने रस्त्यावर नाचावे, यातही इतिहास आहे. पण छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, आणि शब्द गेले की सवाल-जवाबही गेला.

या दोन जगांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध किती होता? कागदावर भरपूर, आणि तो कागद एका दिशेने सरकताना दिसतो. 1873मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला. नजर तेव्हा सोडवणाऱ्यांकडे होती. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या कुशीत. तीस वर्षांनी, जुलै 1946मध्ये, त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागवली. डुबॉइस यांनी त्याच महिनाअखेर उत्तर दिले. इथे नजर सोसणाऱ्यांमधल्या विद्वानाकडे वळली. 1972मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या मुंबईतल्या पिढीने ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून नावच घेतले. आता नजर लढणाऱ्या पोरांकडे होती. आभार, मग पत्रव्यवहार, मग नाते: शंभर वर्षांत एवढा प्रवास.

दरम्यान साहित्यात पूल बांधले गेले. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे, नागपुरात जन्मून औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ चालवणारे गंगाधर पानतावणे, आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक लिहिणारे लातूरचे जनार्दन वाघमारे. ‘निग्रो’ हा शब्द तेव्हा सरळ वापरला जाई. आज तिकडे तो टाकला गेला आणि इकडे ‘कृष्णवर्णीय’ आला. मला हा शब्द जरा ग्रंथालयाच्या वासाचा वाटतो, पण ‘काळा’ म्हणायला मराठी जीभ अडखळते. त्याला कारण आहे. आपल्याला काळा राम चालतो, सावळा विठ्ठल तर हवाच असतो. पण लग्नाच्या बाजारात गोरी सून, आणि ज्यावर संताप व्यक्त करायचा ते सगळे काळे. दलित पँथरने 15 ऑगस्ट 1972 हा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ म्हणून पाळायचे ठरवले तेव्हा शब्द निषेधाचाच होता. ज्यांनी नाव पँथरचे घेतले त्यांनाही ‘काळे ते सुंदर’ ही तिकडची घोषणा मराठीत आणणे जमले नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत बघा: रोगराई आणि दुष्टता तिच्या अंगावर लादून तिला जाळतात. या गावात वाढलेल्या पोराला त्वचेच्या रंगाबद्दल वेगळे काही शिकवावे लागते.

कागदापलीकडचा माणूस मात्र याच शहरात येऊन राहिला होता. जेम्स लॉसन. पेनसिल्व्हेनियात 1928 साली जन्मलेला कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट तरुण. कोरियाच्या युद्धात सक्तीची भरती नाकारली म्हणून तुरुंगात गेला आणि सुटल्यावर 1953मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधींच्या मार्गाचा अभ्यास करायचा. त्याच्याही आधी, 1936च्या अखेरीस, बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधींना भेटून गेले होते. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले ते हेच. डिसेंबर 1955मध्ये माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी लॉसन यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. 1956मध्ये ते मायदेशी परतले, 1957मध्ये किंगना भेटले; नॅशव्हिलच्या तळघरांत त्यांनी विद्यार्थ्यांना मार खाऊन हात न उचलण्याचे धडे दिले आणि त्यातून 1960चे उपाहारगृहांतले ठिय्या आंदोलन उभे राहिले. 1968मध्ये मेंफिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंगना बोलावणारे तेच. 9 जून 2024 रोजी ते वारले.

नागपुरात तीन वर्षे राहिलेला हा माणूस गांधींचा मार्ग शिकायला आला होता, आणि ते शहर ज्या वर्षी त्याने सोडले त्याच वर्षी आंबेडकरांच्या दीक्षेचे शहर झाले. दोन चळवळी एकाच गावातून, एकाच वर्षात, जणू पाठीला पाठ लावून निघून गेल्या. या शहरात जयंत्यांची यादी लांबलचक आहे. लॉसनचा दिवस त्यात नाही. हिस्लॉपच्या एखाद्या खोलीत दरवर्षी एक व्याख्यान, सफाई कामगारांच्या पोरांना समोर बसवून, एवढे जरी झाले तरी नागपूरचा फेब्रुवारी नागपूरचाच होईल, उसना राहणार नाही.

आपल्या पदरातला सर्वांत मोठा विसर मात्र आफ्रिकेतून महाराष्ट्रात आलेल्यांचा. मलिक अंबर 1548च्या सुमारास इथिओपियात जन्मला, बाजारांतून विकला जात दख्खनेत आला, निजामशाही उभी धरली, मोगलांना गनिमी काव्याने हैराण केले, 1610मध्ये खडकी वसवली, तिला पाण्याची नहर दिली, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि मे 1626मध्ये वारला. कबर खुलताबादेत. खडकीची औरंगाबाद झाली आणि औरंगाबादेचे छत्रपती संभाजीनगर; नहर मात्र त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या मृत्यूची चारशे वर्षे आणि वुडसन यांच्या सप्ताहाची शंभर, दोन्ही 2026मध्ये भरतात. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्याला शालेय पुस्तकात भेटतो तो केवळ शिवरायांचा वैरी म्हणून, आणि 1948मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तो पुस्तकातूनही अंतर्धान पावतो. सीमेपलीकडे हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याच्या जंगलांतले सिद्दी कोकणीत मराठी-कानडी मिसळून बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि डमामीचा ठेका तिघांचा एक आहे. 2003मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीत घेतले. 2020मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेत गेले. महाराष्ट्रातल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सोहळा करायचा तर पाहुणे न्यूयॉर्कहून आणायला नकोत.

उलट दिशेनेही माल गेला आहे. एप्रिल 2015मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्या काही दलित स्त्रियांनी ‘दलित हिस्ट्री मंथ’ सुरू केला, आणि कल्पना कृष्णवर्णीयांच्या महिन्यावरून घेतल्याचे मोकळेपणाने सांगितले. 2022मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एप्रिलला तशी मान्यता दिली. 14 ऑक्टोबर 2023 रोजी मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला. तिकडच्या मराठी बौद्ध घरांतून आता खीर, बुद्धवंदना आणि काळ्या शेजाऱ्यांना आवताण असा एप्रिल साजरा होतो. मात्र सरकारी मान्यतेचा भरवसा किती धरायचा तेही तिथेच दिसले: जानेवारी 2025मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असे महिने खात्यात पाळणे बंद केले. त्यानंतरचा फेब्रुवारी चर्चमध्ये, ग्रंथालयांत, वस्त्यांतल्या सभागृहांत तसाच पाळला गेला, जसा तो 1976च्या आधी पन्नास वर्षे पाळला जात होता.

दसऱ्याच्या रात्री रामटेकची शेवटची बस खच्चून भरलेली असते. पांढरी लुगडी धुळीने मळलेली, लेकरे मांडीवर झोपलेली, कुणीतरी मागच्या बाकावर पाटणकरांच्या चालीवर गुणगुणत असते. कामठी जाते, कन्हानचा पूल जातो, मनसरच्या फाट्यावर गाडी डावी-उजवी डोलते. सकाळची ती घडी केलेली पिशवी आता पायाशी उभी असते, जड झालेली, आणि गचका बसला की तिच्यातले एखादे पुस्तक बाहेर घसरते. शेजारची बाई ते उचलते, पदराने पुसते आणि कंडक्टरच्या दिव्याच्या उजेडात चित्र बघू लागते.